कोल्ह्याच्या देवळातले अकरा कागद

२१ एप्रिल, पहाटे ५
आजपासून रोजनिशी. वही आमच्या मुलानं, हितेंद्रनं दिली. वर ठिबक सिंचनाची जाहिरात आहे, पण आतली पानं कोरी आहेत. ही वही माझ्याशिवाय कुणी वाचायची नाही.

परवा जपानला निघायचं. केळी उत्पादकांचा अभ्यासदौरा. रावेर तालुक्यातून नऊ शेतकरी निवडले, त्यात मी. म्हणजे ज्यांनी ज्यांनी नाव दिलं ते सगळे घेतले, पण निवड ती निवड. बासष्टाव्या वर्षी पासपोर्ट काढणारा आमच्या गावात मी पहिला.

संकल्प: रोज लिहायचं आणि खरं लिहायचं. चहात साखर बंद. जपानी भाषेतले रोज पाच शब्द पाठ.

सायंकाळी ७
गावात सगळ्यांचा निरोप घेऊन आलो. जीवरामभाऊ सोडून. सख्खा थोरला भाऊ, शेताला शेत लागून, आणि नऊ वर्षं बोलणं नाही. कारण काय, तर हितेंद्रच्या लग्नपत्रिकेत निमंत्रक म्हणून एकोणचाळीस नावं छापली आणि त्यात त्याचं राहिलं. छापखान्याची चूक. प्रूफ मी तपासलं होतं, पण चूक छापखान्याचीच. मी त्याला समजावायला जाणारच होतो. मग पाऊस लागला, मग लागवड आली, मग राहूनच गेलं. श्रावणात सगळे भाऊबंद मिळून बसवतात ती कानबाईदेवीसुद्धा तेव्हापासून दोन घरांत दोन बसतात.

आई सांगायची, माझ्या आधीची दोन पोरं गेली म्हणून मला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवलं, आणि सहा वर्षांच्या जीवरामनं मला तिथून उचलून घरात आणलं. म्हणून माझं नाव उखर्डू. असं असूनही तो एका पत्रिकेवरून रुसतो, याला काय म्हणावं. मला त्याचं आता काहीही वाटत नाही.

२५ एप्रिल, जपान
पोचलो. सगळं स्वच्छ. इतकं स्वच्छ की तंबाखू थुंकायला जागा सापडेना, गिळली.

केळी बघितली. दुकानात प्लास्टिकच्या पिशवीत एकेक केळं. आमच्याकडे असं ठेवलं तर लोक विचारतील, बाकीची फणी कोणी नेली?

जपानी शब्द: शून्य. गाईड बाई सातोसान इंग्रजी बोलतात, मग गरज काय. साखर बंद आहे. गूळ खाल्ला, पण गूळ साखरेत मोजत नाहीत.

२७ एप्रिल, दुपारी ४
आजचा दिवस माझ्या आयुष्यातला मोठा दिवस. सविस्तर लिहितो.

सकाळी सातोसान आम्हाला एका देवळात घेऊन गेल्या. भाग्याचं देऊळ. धंदा, पीक, बरकत, सगळं तिथेच मागायचं. आधी लाल कमानी, एकामागे एक, शंभर तरी असतील, आणि आत शिरलं की बाहेरचा आवाज एकदम बंद. आभाळ भरलेलं. कावळे आपल्या कावळ्यांच्या दुप्पट, आणि ओरडत नव्हते, नुसते बघत होते.

देवळाच्या दोन्ही बाजूंना दगडी कोल्हे. गळ्यात लाल फडकी. कोल्हा म्हणे देवाचा निरोप्या. आमच्या बागेत कोल्हा दिसला की आम्ही फटाका लावतो, इथे त्याला फडकं बांधतात. असो. देश तसा वेश. लाकडी पळीनं आधी डावा हात धुतला, मग उजवा. दोनदा वाकलो, दोनदा टाळी, मग पुन्हा वाकलो. मागायचं काय ते ठरवून गेलो होतो: पिकाला भाव. ऐन वेळी मनात काहीतरी दुसरंच आलं. ते इथे लिहीत नाही.

मग एक डबा. तो हलवायचा, त्यातून काडी पडते, काडीवर नंबर, त्या नंबरच्या खणातून एक कागद काढायचा. कागदावर तुमचं भाग्य. मला मिळाला. अक्षर सुंदर. अर्थ कळला नाही, पण एवढं सुंदर अक्षर वाईटासाठी कोण काढेल?

आता मुख्य गोष्ट. देवळाच्या बाजूला तारा ओढलेल्या होत्या आणि त्यांना असे शेकडो कागद घड्या घालून, गाठी मारून बांधलेले. लोक भाग्य काढतात, वाचतात आणि तिथेच बांधून निघून जातात! मला या लोकांची कीव आली. कानबाईच्या प्रसादाचा रोट आपण घराचा उंबरा ओलांडू देत नाही, भाऊबंदांशिवाय कुणाला घास देत नाही, शेवटचा कण संपेपर्यंत घरातच खातो. देवीनं हातात दिलेलं असं वाऱ्यावर सोडायचं? या देशाला सगळी अक्कल आहे, एवढी एक नाही.

बाकीचे आठ जण दुकानात चाव्यांना लावायचे कोल्हे घेत होते. मी तारेपाशी गेलो आणि सोडायला लागलो. गाठी घट्ट. नखानं सुटेनात तिथे दात लावले. एक जरा फाटला. अकरा काढले. शुभ आकडा.

इतक्यात सातोसान पळत आल्या. नो नो, लीव्ह हिअर, प्लीज लीव्ह हिअर. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. स्वाभाविक आहे, देवळाचा माल कमी होतो. मी त्यांना इंग्रजीत समजावलं, फॅमिली, फॅमिली. त्या दोन पावलं मागे सरकल्या. नंतर बसमध्ये त्या माझ्या शेजारून उठून पुढे ड्रायव्हरजवळ जाऊन बसल्या.

एक म्हातारा अंगण झाडत होता. त्यानं माझ्या हातातले कागद बघितले, झाडू खाली ठेवला आणि कमरेत वाकून नमस्कार केला. बराच वेळ वाकून राहिला. इतका मान मला गावात कुणी दिलेला नाही.

३० एप्रिल, विमानतळ
विमान सात तास उशिरा. माझी बॅग आली नाही. आठ जणांच्या आल्या, माझीच नाही. पण बघा दैव: अकरा कागद शर्टाच्या खिशात होते म्हणून वाचले. कागदांची ताकद इथेच कळली.

२ मे, सकाळी
घरी. पुष्पाला कागद दाखवले. तिनं विचारलं, बॅग कुठी? मी सांगितलं, बॅगेचं सोड, हे बघ. ती कागदांना हात लावेना. म्हणाली, "दुसऱ्याच्या देवाच्या वस्तूले हात कामून लावला तुमी?" देवघरात ठेवू दिले नाहीत. शेवटी कपाटात माझ्या बनियनांखाली ठेवले. बायकांना आंतरराष्ट्रीय विषय कळत नाहीत.

सून डिंपल म्हणाली, आबा, मोबाईलचा कॅमेरा धरला की जपानीचं मराठी होतं, दाखवा. मी नाही म्हणालो. देवाचं लिहिलेलं मोबाईलमध्ये घालू नये. शिवाय त्याची गरज काय, अर्थ दिसतोच आहे.

४ मे, सायंकाळी ६
वाटप केलं. वरणगावचे व्याही (डिंपलचे वडील), आमच्या गावच्या सोसायटीचे चेअरमन, कापणी टोळीचा मुकादम भटू, आणि बाकी जवळची माणसं. प्रत्येकाला सांगितलं, जपानवरून खास तुझ्यासाठी आणला, जपून ठेव, कुणाला देऊ नको. लोक पाया पडले. चेअरमन तर माझ्याहून सहा वर्षांनी मोठे, तरी वाकले.

एक कागद सगळ्यांत चांगला होता. लांब, कुठे फाटलेला नाही. तो मी वेगळा ठेवला होता, असाच. नंतर सहज चालत निघालो आणि पाय जीवरामभाऊच्या ओट्यापाशी जाऊन थांबले. दोष पायांचा.

तो सुपारी कातरत बसला होता. वर बघितलं. मला वाटलं उठून आत जाईल. म्हणाला, "ये. बस. चहा घेशीन?"

मी बसलो. चहा आला, साखरेचा. घेतला. अशा वेळी संकल्प बघायचे नसतात. त्याला कागद दिला. त्यानं दोन्ही हातांत धरला, कपाळाला लावला. त्याची नात नूतन बारावीला आहे, तिनं लगेच कागदाचा फोटो काढला. आजकालच्या पोरांना प्रत्येक गोष्टीचा फोटो लागतो.

निघताना भाऊ म्हणाला, "औंदा श्रावनात कानबाई एकच बसवू. दोन नको." मी म्हणालो, बघू. घरी येईपर्यंत डोळ्यांत काहीतरी गेलं होतं. धूळ फार उडते मे महिन्यात.

देवळात ऐन वेळी जे मागितलं होतं ते हेच. आता लिहायला हरकत नाही. सात दिवसांत मिळालं.

९ मे
व्याही स्कूटरवरून पडले. पायाला प्लास्टर. बघायला वरणगावला जाऊन आलो. कागद त्यांच्या खिशातच होता. नसता तर मान मोडली असती. तसं त्यांना सांगितलं. त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं.

१३ मे
चेअरमनचा ट्रॅक्टर पाटात गेला. चालवणारा वाचला. पुन्हा तेच: वाचला हे लोक बघत नाहीत, गेला तेवढं बघतात.

बॅगेचा फोन आला. सापडली नाही, एवढं सांगायला.

१६ मे, सायंकाळी ७
बागेत पाण्याची फेरी बघायला गेलो. बांधावर कोल्हा बसलेला. उजेड होता अजून. माणूस बघून पळाला नाही. मी दगड उचलला तर त्यानं मान वाकडी करून बघितलं, जसा ओळखीचा माणूस बघतो. मग सावकाश उठून जीवरामभाऊच्या बागेत शिरला.

बागेत सावली म्हणून आला असेल. ऊन फार आहे. पंचेचाळीस डिग्री.

१७ मे
भटू मुकादम सकाळी दारात. आत येईना. धुळ्याकडचा माणूस, अहिराणी बोलतो. कागद ओट्यावर ठेवला आणि त्यावर खडा ठेवला. म्हणाला, "आबा, हाऊ तुमना कागद तुमले ऱ्हावू द्या. मनी गाडी तीनदा बंद पडनी, दोन पोरे आजारी शेतस, बठ्ठा घाबरी ग्यात." म्हणे सगळी टोळी घाबरलीय. मी हसून सांगितलं, अरे गाडी जुनी आहे तुझी. तो म्हणाला, गाडी जुनी शे, पन आजवर बंद पडनी नव्हती.

खालचा माणूस. श्रद्धा टिकवायला मन मोठं लागतं.

१९ मे
आज अभिमानाचा दिवस. जीवरामभाऊ स्वतः घरी आला, नऊ वर्षांत पहिल्यांदा. पुष्पानं शिरा केला. बाग तयार आहे त्याची, सहा हजार खोडं, एक घड बघावा तर तीस किलोचा. तीस तारखेला भटूची टोळी सांगून ठेवलीय. विचारायला आला होता, कापू का आठ दिवस थांबू?

मला विचारायला आला. कृषी अधिकाऱ्याला नाही, व्यापाऱ्याला नाही. मी म्हणालो, थांब. वजन वाढेल, भाव चढतोय, आणि तुझ्याकडे कागद आहे. तो म्हणाला, "तू म्हनतो तं थांबतो." माझीही चार हजार खोडं तयार आहेत, मीही थांबणार.

हितेंद्र नंतर म्हणाला, बाबा, जूनमध्ये बाग उभी ठेवू नये, दर वर्षी वारा येतो. त्याला सांगितलं, तू जपानला गेला होतास का?

२४ मे, दुपारी
आज एक किरकोळ गोष्ट घडली.

डिंपलनं कपाट आवरताना कागद बघितले. माझा स्वतःचा, भटूनं परत केलेला आणि वाटून उरलेले तीन. मी झोपलो होतो. तिनं मोबाईल धरला. मी उठलो तेव्हा ती आणि हितेंद्र दोघं माझ्या खाटेपाशी उभे होते.

माझ्या कागदावर: थोडंसं शुभ. हरवलेली वस्तू सापडेल. (बॅग अजून आलेली नाही, यावरून कागदाची पात्रता कळते.)

बाकीचे चारही: महाअशुभ. अशुभ. अशुभ. महाअशुभ. एकात लिहिलंय, घर बदलू नका, प्रवास करू नका, आजार लांबेल. एकात लिहिलंय, पेरलेलं हाती लागणार नाही.

डिंपलनं नेटवर शोधलं. तिथली रीत अशी की चांगला कागद निघाला तर माणूस घरी नेतो. वाईट निघाला तर देवळातच बांधून जातो, म्हणजे वाईट तिथेच राहतं, देव बघून घेतो. म्हणजे तारांवरचे ते सगळे...

एवढं लिहून थांबलो होतो. चहा घेऊन आलो.

हा केवळ योगायोग आहे. कागदानं काही होत नसतं. मी सुशिक्षित माणूस आहे, दहावी पास.

संकल्प: एक, सगळे कागद गुपचूप परत गोळा करायचे. दोन, जीवरामभाऊला उद्या सकाळी जाऊन स्पष्ट सांगायचं: माझी चूक झाली, तो कागद टाक, आणि तीस तारखेलाच कापून घे.

२५ मे
गेलो होतो. भाऊ घरी नव्हता. होता, पण जेवत होता. जेवणाऱ्या माणसाला असं सांगू नये.

२६ मे
पुन्हा गेलो. पाहुणे होते. भाऊनं त्यांना सांगितलं, हा माहा लहाना भाऊ, जपानले जाऊन आला. सांगताना त्याचा हात माझ्या खांद्यावर होता. सांगणार कसं?

कागद परत मिळतोय का बघितलं. देवघरात पितळेच्या डब्यात ठेवलाय त्यानं. घरातली माणसं हलेनात.

संग्रह मोहीम: व्याह्यांना फोन केला. त्यांनी तो आधीच तापी नदीत सोडला. चेअरमननं दुसऱ्या कुणाला देऊन टाकला. कुणाला ते सांगत नाहीत.

२७ मे
बातम्यांत वादळी वाऱ्याचा इशारा. जूनच्या पहिल्या आठवड्यात. हे लोक दर वर्षी सांगतात.

पुष्पानं विचारलं, भावजींना सांगलं का? मी म्हणालो, सांगणारच आहे. ती म्हणाली, "कवा? सारं झाल्यावर?" तिच्या बोलण्याला नेहमीच धार असते.

एक विचार मनात आला. सांगितलं तर तो विचारेल, मग एकोणीस तारखेला थांब कामून म्हटला? मग पत्रिकाही निघेल. मग प्रूफ कोणी तपासलं तेही निघेल. कशाला उकरायचं. वारा येणार नसेल तर सगळं न सांगताच निभावतं. आणि वारा कुठे दरवर्षी आमच्याच शिवारात येतो?

२८ मे
भटूचा फोन. जीवरामआबांनी तीस तारीख सोडली, टोळी रिकामी आहे, तुम्हाला लागते का? पुढे आठ दिवस कुणालाच मिळणार नाही, सगळ्या रावेरची घाई सुरू झाली.

विचार केला. टोळी रिकामी बसवणं म्हणजे दहा माणसांचा रोज बुडवणं. पाप आहे ते. हो म्हणालो.

मी भाऊची तारीख घेतलेली नाही. त्यानं सोडलेली तारीख घेतली. फरक आहे.

२९ मे, सायंकाळी
लिहिणार नव्हतो. खरं लिहायचा संकल्प आहे म्हणून लिहितो.

भाऊ आला होता. ओट्यावर बसला. पश्चिमेकडे आभाळ तांबूस दिसत होतं, तिकडेच बघत होता. म्हणाला, "वारा-वावधन येईन म्हनता लोकं. भटूले बोलवू का उद्या? अजून येईन तो."

मला फक्त हो म्हणायचं होतं. हो म्हटलं असतं तर टोळी त्याच्याकडे गेली असती आणि माझी बाग उभी राहिली असती. पण मी हो म्हणणारच होतो, शब्द जिभेवर होता. तोंडातून निघालं, थांब चार दिवस.

जीभ घसरते माणसाची. वयोमान.

तो म्हणाला, बरं. चहा प्यायला. उठताना गुडघ्यावर हात ठेवून उठला. अडुसष्ट झाली त्याला, माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

३० मे
कापणी सुरू. घड उत्तम. भटूच्या पोरांनी पटापट उरकलं, एकानंही गाणं म्हटलं नाही. एरवी म्हणतात.

३१ मे
कापणी झाली. शेवटची गाडी गेली. भाव चांगला मिळाला. आनंद व्हायला पाहिजे होता. पित्त झालं असावं.

बांधापलीकडे भाऊची बाग उभी. घड जड झालेत, खोडं एका अंगाला वाकलेली. त्याला उद्या नक्की सांगतो. आता माझा काही स्वार्थ नाही, त्यामुळे स्पष्ट बोलता येईल.

१ जून
सांगितलं! म्हणजे नूतनकडे निरोप दिला की आजोबांना सांग, जमलं तर कापून घ्या. ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, टोळ्या नहीत आता, आबा. चार गावांत विचारलं आजोबांनी.

मी माझं कर्तव्य केलं.

३ जून, दुपारी ३
वारा पडलाय. पान हलत नाही. कुत्री ओरडत नाहीत. पुष्पानं गच्चीवरचं सगळं खाली आणलं, न बोलता. कावळे तारेवर ओळीनं बसलेत आणि नुसते बघतायत.

उन्हाळ्यात असं होतंच.

३ जून, सायंकाळी ६
आधी आवाज आला. मालगाडी यावी तसा, सातपुड्याकडून. मग धूळ. वीस मिनिटं. पंचवीस असतील. घराचे पत्रे राहिले. मी दार धरून उभा होतो आणि मोठ्यानं म्हणत होतो, इकडे नको, इकडे नको. पुष्पा म्हणाली, इकडं काय हाय आता?

४ जून
गेलो नाही बघायला. हितेंद्र गेला. आल्यावर त्याला विचारलं, किती? त्यानं सांगितलं, सारी. एक खोड उभं नाही. सहा हजार.

माझ्या बागेत नुसती घड काढलेली खोडं होती, तीही पडली, पण त्याचं काय. आसपासच्या सगळ्यांच्याच बागा गेल्या आहेत, फक्त भाऊचीच नाही. हे महत्त्वाचं आहे. नैसर्गिक आपत्ती. पंचनामे होतील.

मी सांगितलं असतं तरी वारा आलाच असता.

५ जून
भाऊकडे जायचं ठरवलं. पांढरा शर्ट घातला. मग काढला, बरा दिसेना. निळा घातला. उंबऱ्यापर्यंत गेलो. डोकं दुखायला लागलं.

६ जून, सकाळी ९
भाऊच आला.

ओट्यावर बसला. पायांना चिखल. मी म्हणालो, भाऊ, फार वाईट झालं. तो म्हणाला, व्हय. मी म्हणालो, तो कागद... त्यानं खिशातून कागद काढला, घडी तशीच.

म्हणाला, "नूतननं त्याच दिवशी वाचला व्हता मोबाईलवर. लय वाईट लिहेल व्हतं. ती म्हने जाळून टाका. मी म्हटलं, नऊ वर्सांनी भाऊ काही घेऊन घरी आला, त्याले परत कसं धाडू? ठेव डब्यात."

मी विचारलं, मग थांबला कशाला?

"कागदासाठी नही थांबलो. तू थांब म्हटला, म्हनून थांबलो."

पुष्पा दारात उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला. भाऊ म्हणाला, भटूनं सांगतलं व्हतं मले, टोळी तुह्याकडं गेली. म्हटलं आसंन त्याची काही घाई. पोराले सांगतलं, उखर्डू थांब म्हनतो म्हनजे त्याले काही तरी ठाऊक आसंन.

आवाज चढवला नाही त्यानं. चढवला असता तर मला उत्तर देता आलं असतं. तयार होती माझी उत्तरं, काल दिवसभर तयार केली होती.

पुष्पानं चहा आणला. तो म्हणाला, घरून घेऊन आलो. उठला. कागद ओट्यावर ठेवला. मी म्हणालो, भाऊ, श्रावणात कानबाई... तो म्हणाला, पाहू, आणि चप्पल शोधायला लागला. चप्पल समोरच होती.

मी चोर आहे. हे मी एकदाच लिहितो.

७ जून
कालचं शेवटचं वाक्य भावनेच्या भरात लिहिलं गेलं. तरी खोडत नाही, पेन नीट चालत नाही.

संकल्प: उद्यापासून भाऊची बाग साफ करायला स्वतः जायचं, ट्रॅक्टर घेऊन, न विचारता. आणि तिथेच सगळ्यांसमोर सांगायचं.

८ जून
ट्रॅक्टर घेऊन गेलो. भाऊच्या पोरानं आडवा हात केला. म्हणाला, आबा, राहू द्या, आमी करतो. नीट बोलला. मी परत आलो.

विमान कंपनीनं बॅग पाठवली. डिंपलनं उघडली. आतला ठेचा सगळ्या कपड्यांना लागलाय.

९ जून, सायंकाळी
लिहिण्यासारखं काही नाही.

भाऊ बांधावरून जाताना दिसला. मी हाक मारली. दोनदा. त्यानं बघितलं नाही. वाऱ्यात ऐकू गेलं नसेल.

वारा नव्हता.